बाभळीखालचा फाळ

तळ्यात काही नव्हतं, आणि ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी तुम्ही मला उन्हाळाभर तिथं फिरवलंत. हे आधी लिहून टाकते, कारण ख्यालीखुशालीपासून सुरुवात केली की माझा राग निवतो आणि मग मी भलतंच काही गोड लिहून बसते. आता हाक मारते, आप्पा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या दहाव्याला माझ्या पदराला लोंबकळणारी पोरगी आता स्वतः आजी झालीय. माझी शाळा चौथीत थांबली ती तुमच्याच मेहेरबानीनं, तेव्हा अक्षराला हसायचं काम नाही. काना-मात्रा चुकला तर तो तुमचा.

आज हे काढायचं कारण तुमचा धाकटा. जुनं घर पाडून त्यानं स्लॅबचं बांधलंय आणि त्यात देवाला वेगळी खोली काढलीय, खाली फरशी, वर पंखा. देवाला गरम होतं म्हणे. परवा तो माझ्याकडं आला, चटईवर बसला आणि म्हणाला, "अक्का, देव्हारा नवा केलाय. आप्पांचा टाक हाय, आईचा हाय. थोरल्या आईचा तेवढा न्हाई. सोनाराला सांगून नवा करून घेऊ का?"

थोरली आई म्हणजे माझी आई. त्यानं तिला पाहिलंही नाही, पण कधी तिचा उल्लेख मान सोडून केला नाही, एवढं मात्र पोराचं कबूल केलं पाहिजे. मी चहा गाळत होते. म्हटलं, "जुना कुठं गेला?"

"तळ्यात गेला न्हवं का. आप्पाच सांगायचे. तळं आटलं तवा तुमी दोघं यंत्र घेऊन हुडकत हुता, सगळ्या गावाला ठाव हाय की."

"गावाला लई ठाव असतं," मी म्हणाले.

"मग करू का नवा? तू सांग. तुझी आई हाय."

मी त्याला म्हटलं, थांब दोन दिवस, सांगते. तो गेला. चहा अर्धा कपात गेला होता आणि अर्धा ओट्यावर.

आईचा चेहरा मला आठवत नाही आप्पा. मला तिचा टाक आठवतो. आई गेली आणि वर्षाच्या आत तुम्ही मावशीला घरात आणलंत. रीतीप्रमाणे पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात आला, काळ्या दोऱ्यात ओवलेला. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, हात जोडलेले, नाकाच्या जागी नुसता एक उंचवटा. मावशी माझी वेणी घालायला समोर बसवायची आणि ओणवी झाली की तो टाक माझ्या कपाळाला लागायचा. गार. मला वाटायचं आई हात लावतेय. मावशीलाही ते कळत असावं, कारण वेणी झाली तरी ती लगेच सरळ व्हायची नाही. तिला मी कधी वाईट म्हणणार नाही. तिची पहिली दोन लेकरं गेली, ती दोन्ही मी मांडीवर घेऊन बसले होते.

माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही घरातले सगळे टाक उजळायला तिसगावला सोनाराकडं नेलेत. मावशीच्या गळ्यातला पण काढून घेतलात. तिला तेव्हा तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि ती दारात उभी राहून नुसती बघत होती. परत येताना तुम्ही देवांना आंघोळ घालायला तळ्यावर थांबलात आणि दुरडी घेऊन घरी आलात तेव्हा तुमचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. म्हणालात, "एक हातातनं निसटला." कुठला ते कुणी विचारलं नाही. मला मांडवात सगळ्यांनी देवापुढं वाकायला लावलं, मी वाकले, आणि माझं कपाळ कोरडंच राहिलं. सासरी गेल्यावर पाणी शेंदताना मला वाटायचं, ती कुठंतरी पाण्याखाली हात जोडून पडलीय. हे मी तुमच्या एका वाक्यावर वागवलं.

मग तो दुष्काळ आला. विहिरीत खडक दिसायला लागले. लेकीचा बाप कोपरगावाकडं साखर कारखान्यावर कामाला गेला आणि मी पोरीला काखेत मारून तुमच्याकडं आले. सकाळी सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं, दुपारनंतर घरी येऊन आभाळाकडं बघत बसायचं. तळं तोवर तळापर्यंत आटलं होतं, भेगा अशा की पोराचा पाय आत जाईल. अशात तुम्ही एक दिवस नगरहून आलात ते खांद्यावर काठी आणि पाठीवर लाकडाची पेटी घेऊन. काठीच्या टोकाला तव्याएवढी चकती, पेटीतून निघालेली वायर, आणि कानाला लावायची दोन काळी टोपणं. भिंगारच्या भंगारवाल्याकडं पडून होतं म्हणालात. मोठ्या लढाईत तुम्ही परमुलखात असल्याच यंत्रानं जमिनीतले सुरुंग हुडकलेले, त्याच्या गोष्टी आम्ही शंभरदा ऐकलेल्या, पण यंत्र आम्ही देवासारखंच कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मावशी म्हणाली, "घरात ज्वारी न्हाई आन ह्यांनी तवा आणलाय." तुम्ही म्हणालात, "रानात काय हाय का आता? हाताला चाळा नको का मानसाच्या?"

चाळा म्हणालात. मी मनात म्हटलं, चाळा कसला, बापाला बायकोची आठवण झालीय आणि ती सांगायची लाज वाटतेय. मी तुमच्यामागं अंगणात आले आणि हळूच विचारलं, "आप्पा, आईचा टाक सापडंल का?" तुम्ही तळ्याच्या दिशेनं बघितलंत. आणि म्हणालात, "बघू."

त्या एका 'बघू'वर मी उन्हाळा काढला.

शिकवलंत मात्र नीट, हे नाही म्हणून चालणार नाही. पहिल्या दिवशी तळ्यात नेलंच नाहीत. अंगणात एक ढब्बू पैसा पुरलात, जरा लांब एक लांबडा खिळा पुरलात, आणि माझ्या कानाला टोपणं लावून म्हणालात, आधी जे म्हाईत हाय त्याच्यावर कान बसव, मग नसलेलं हुडकायला जा. यंत्र आपलं घूं करत असतं, चकतीखाली धातू आला की आवाज चढतो. पण कशानं चढतो ते यंत्र सांगत नाही, ते कानानं ओळखायचं. पैशावरून चकती गेली की एकच गोल आवाज, आला आणि गेला. आडव्या खिळ्यावर तोच आवाज दोनदा येतो, जणू एकाच तोंडात दोन जिभा. फाळासारखं मोठं लोखंड असलं की पाऊलभर आधीपासून सुरू होतं आणि पाऊलभर पुढं जाईस्तोवर थांबत नाही. मी काठी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा झाडूसारखी फिरवली. तुम्ही म्हणालात, "झाडतीस काय? सारवतीस तशी फिरव. पट्ट्यावर पट्टा चढला पायजे, मधी कोरडं ऱ्हायला नको. आन चकती जमिनीला टेकवायची न्हाई, उचलायची न्हाई." ते मला लगेच आलं. सारवण मी जन्मभर केलेलं. आठवडाभरात तुम्ही टोपणं माझ्याकडंच ठेवायला लागलात, कारण लढाईत तोफांनी तुमचा एक कान मंद झालेला आणि माझे दोन्ही शाबूत.

उन्हं कलली की आपण निघायचो. तळ्याच्या काठावर माझी जोडवी काढून दगडाखाली ठेवायची, नाहीतर चकती माझ्याच पायावर बोंबलायची. शेजारच्या काकूनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "नवरा जिता असताना जोडवी काढतीस व्हय गं?" मी म्हटलं, "जोडवी दगडाखाली हायत, नवरा कोपरगावाकडं हाय. दोघंबी सुखरूप हायत." तुम्ही हसलात. तुम्हाला असं हसताना मी फार कमी पाहिलंय. खुरपं मागं ठेवायचं, चकतीजवळ आणायचं नाही. आवाज आला की मी थांबायची, आडवं एकदा, उभं एकदा फिरवायची, आणि जिथं दोन्ही आवाज एकमेकांना छेदतील तिथं टाचेनं खूण करायची. मग आलटून पालटून खणायचं. आणि काही सापडो न सापडो, खड्डा बुजवूनच उठायचं. तुम्ही म्हणायचात, उद्या एखाद्याच्या जनावराचा पाय मोडला तर तो आपल्या सात पिढ्या उकरील.

काय काय निघालं त्या तळ्यातून. बैलांच्या खुरांच्या पत्र्या, घागरीचे कान, घुंगराचे दोन गोळे, एक कंदिलाचं बूड, कुणाच्या तरी पैंजणाचा आकडा. प्रत्येक वेळी मी तुमच्या तोंडाकडं बघायची. तुम्ही माती चोळून बघायचात आणि मान हलवायचात, हे न्हवं. हे न्हवं, म्हणायचात आप्पा. जणू ते कोणतं ते आपल्या दोघांना माहीत होतं. गावात बायका बोलायला लागल्या, मेलेल्या बायकोसाठी बाप्यानं तळं पालथं घातलंय, असा दादला सगळ्यांना मिळो. तुम्ही ते कानांनी ऐकलंत आणि पागोटं सारखं केलंत. मंद कान तेव्हा बरा चालायचा तुमचा.

आपल्या रानाच्या बांधावरून तळ्याकडं जाताना ती वाकडी बाभूळ लागायची. पहिल्या आठवड्यातच मी तिथं टोपणं कानाला लावत होते तर तुम्ही हात धरलात. "हितं नको. नांगराचा जुना फाळ गाडलाय माझ्या बापानं. लोखंडानं कान बिघडंल तुझा." मी मान डोलावली. बापाचं ऐकायचं वय सरलं होतं माझं, पण सवय सरली नव्हती.

तिसगावच्या बाजाराचा दिवस होता. तुम्ही आणि मावशी बाजारला गेलात, दोन्ही लेकरं माझ्यापाशी, माझी लेक आणि तुमचा धाकटा. तो चार-पाच वर्षांचा, सदा मातीत. मला वाटलं, फाळाचा आवाज आपण अजून धड ऐकलेला नाही. मोठ्या लोखंडावर कान बसवायला गावात याहून बरी जागा कुठं मिळणार. तुम्हीच म्हणालेलात ना, आधी जे माहीत आहे त्याच्यावर. म्हणून पोरीला पाठीला बांधलं, धाकट्याला बोटाला धरलं आणि यंत्र घेऊन बाभळीखाली गेले. तुम्ही नुसतं 'तिथं जाऊ नको' म्हणाला असतात तर मी आजतागायत गेले नसते. तुम्ही फाळ म्हणालात.

फाळ नव्हता. पाऊलभर आधी आवाज सुरूच झाला नाही. चकती बुंध्याशी नेली तेव्हा दोन जिभांचा आवाज आला, पुन्हा दोन जिभांचा, आणि त्यांच्या मधोमध एक गोल. मी आडवं फिरवलं, उभं फिरवलं. तेच. मी म्हटलं, फाळाला खिळे कुणी मारले. खणायला खुरपं घेतलं. हातभर खाली एक बोळकं निघालं, तोंडाला काळं फडकं. आत बिब्बे होते, काळे पडलेले खिळे होते, आणि मधे ती. हात जोडलेली. छातीतून खिळा आरपार घातलेला.

तिथं मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. दोन लेकरं गेली, तिसरं पोटात, कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार की पहिली सुखानं नांदू देत नाही, तिला खिळून टाका. आणि तुम्ही खिळलंत. मावशी दारात उभी राहून बघत होती ते त्याचसाठी. भीतीनं माणूस काय करील सांगता येत नाही, तेवढं मलाही कळतं, मीही पोरं वाढवलीत. पण मला पाणी का सांगितलंत? सांगायचं होतं, पोरी, मला तुझ्या आईचं भ्या वाटलं. मी भांडले असते, रडले असते, पण निदान तळ्यात तरी हुडकत बसले नसते. मी उन्हात त्या भेगांतून चालत होते, तुम्ही माझ्या शेजारून चालत होता, आणि रोज जाता-येता आपण तिला ओलांडत होतो.

खिळा काढायला वेळ लागला, गंजून धरला होता. धाकटा शेजारी बसून विचारत होता, "अक्का, ही कोन?" मी म्हटलं, "तुझी आई." खोटं नव्हतं ते. मग टाक चंचीत घालून कमरेला खोवला, खिळे बोळक्यात परत ठेवले, कारण ते तुमचे होते, फडकं बांधलं आणि खड्डा बुजवून उठले.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तुम्ही हाक मारलीत. मी आले. त्या दिवशी टोपणं मी तुमच्याकडं दिली, म्हटलं माझा कान दुखतोय. तळ्यात मधोमध तुम्हाला आवाज लागला, तुम्ही टाचेनं खूण केलीत आणि मी खणायला बसले. नेमकी जागा धरायला तुम्ही चकती खड्ड्याशी आणलीत, माझ्या कमरेजवळून. थांबलात. चकती लांब नेलीत, पुन्हा जवळ आणलीत. टोपणातून बाहेर येणारा आवाज मलाही ऐकू येत होता. एकच, गोल.

"जोडवी काढली न्हाईस व्हय?"

"काढली की. दगडाखाली हायत."

"खुरपं?"

"मागं ठेवलंय. हातानं उकरतीय."

"मग लोखंडाचं काय हाय तुझ्यापाशी?"

"लोखंडाचं काय न्हाई," मी म्हणाले, आणि तुमच्या तोंडाकडं बघितलं.

तुम्हाला कळलं आप्पा. मंद कानाला कळलं. तुमच्या हातातली काठी जरा खाली आली आणि चकती जमिनीला टेकली, जी तुम्ही कधी टेकू दिली नव्हती. मी वाट बघत होते. तुम्ही फक्त विचारायचं होतं, काय आहे गं. मी काढून हातावर ठेवला असता. तुम्ही टोपणं काढलीत, गळ्यात अडकवलीत, काठाकडं बघितलंत आणि म्हणालात, "चल. त्या अंगाचा कोपरा ऱ्हायलाय." आणि त्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा फिरवायला लागलात. एक पत्री निघाली. माती चोळून तुम्ही म्हणालात, "हे न्हवं."

त्या 'हे न्हवं'ची मला जेवढी चीड आहे तेवढी खिळ्याची नाही. खिळा तुम्ही घाबरून मारला होता. हे शब्द तुम्ही शांतपणे उच्चारलेत.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. मी पुढंही येत राहिले. पाऊस पडून तळ्यात पाणी येईपर्यंत, रोज, जोडवी काढून, तुमच्यामागं. सापडायचं होतं ते माझ्या पेटीत पातळांखाली होतं तरी आले. तुमच्याबरोबर एवढा वेळ मला त्याआधी मिळाला नव्हता आणि पुढंही मिळाला नाही. आईसाठी राग येतो म्हणते, पण खरं विचाराल तर अर्धा राग त्या संध्याकाळींचा आहे. त्या मला चांगल्या आठवतात आणि तुम्ही त्या नासवून ठेवल्यात.

आणखी एक, हे तुम्हाला कळायला हवं होतं. टाक वर काढल्यावर मी उन्हाळाभर धाकट्याच्या कपाळाला हात लावून बघत होते. माझा त्या खिळ्यांवर भरोसा नव्हता, पण भीती काय तुम्हाला एकट्यालाच दिली आहे देवानं. त्याला ताप आला नाही. साधं नाक वाहिलं नाही, आणि त्या वर्षी सगळ्या गावाची पोरं हगवणीनं सुकली होती. आज त्याला नातू आहे आणि देवाच्या खोलीत पंखा आहे. म्हणजे तिनं कधी कुणाचं काही केलं नव्हतं. तुम्ही जगात होता तोवर हे सांगायला हवं होतं, पण तुम्ही विचारलं नाहीत आणि मी तुमचीच लेक, आपणहून बोलले नाही.

तेव्हा माझं ठरलं. नवा टाक करायचा नाही. उद्या मी जुनाच घेऊन जाणार आहे, भोकासकट. एका सोनारानं मला मागं सांगितलं होतं, आजी, चिमूटभर चांदीनं बुजवून देतो, कळणार पण नाही. मी म्हटलं, तू तुझं काम कर. हा कागद चुलीत जाईल, धाकट्याच्या हाती असलं काही पडायला नको. टाक मात्र मी माझ्या हातानं तुमच्या टाकाशेजारी ठेवणार, फरशीवर, पंख्याखाली. तो वाकून बघेल आणि विचारेल, अक्का, हिला भोक कसलं गं. मी तोंड उघडणार नाही. त्याच्या देव्हाऱ्यात तुम्ही बसलाय, उत्तर तुम्ही द्यायचं. आणि 'बघू' म्हणायचं नाही.